दहाच्या दहा

५ नोव्हेंबर

पोहोचले. हवा स्वच्छ, खोली कोरडी, डोंगर जवळ, आणि माणसं माझ्या अपेक्षेइतकीच अडाणी. एकंदरीत मी खूश आहे.

खोली कारखान्याच्या वर आहे. कारखाना म्हणजे मोठी लाकडी शेड, दोन सुतार, आणि सगळीकडे हिनोकी लाकडाच्या भुशाचा वास. छपराखाली पर्सिमनची फळं सोलून सुकत लावली आहेत. तोकुए-सान, म्हणजे मालकाची बायको, सोबाच्या शेवया आणि लाल सलगमाचं लोणचं घेऊन आली. लोणचं उत्तम. तिनं मला तीन वेळा वाकून नमस्कार केला, एक पुरला असता.

या लोकांना काम देणाऱ्या घरबांधणी कंपनीनं आता अट घातली आहे की प्रत्येक सुतारकारखान्यात सुरक्षेचा जाणकार माणूस हवा. या खोऱ्यात जाणकार माणूस मिळणं कठीण, म्हणून नागोयाहून मी. निवृत्त होऊन घरी टीव्हीसमोर बसणं मला जमणारं नव्हतं.

मालक मुराकोशी हे मुख्य सुतार. इथे त्यांना सगळे ‘तोऱ्यो’ म्हणतात. वय अडुसष्ट, बोलणं कमी, उजव्या हाताची तर्जनी नाही. ओळख करून देताना तो हात टोपीखाली धरून उभे होते. मी सरळ विचारलं, कशानं गेलं? निष्काळजीपणा झाला, म्हणाले. निदान खरं बोलले. नोकरीच्या एवढ्या वर्षांत यंत्रालाच दोष देणारी इतकी माणसं पाहिली आहेत की कान किटले.

दुसरा सुतार सेन्बा. चाळिशीचा, डोक्याला टॉवेल, जीभ सैल. मला ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणतो, आणि ते म्हणताना मान जरा जास्तच झुकवतो. लवकरच सरळ करीन.

६ नोव्हेंबर

दिवसभर नुसती पाहत उभी राहिले. हातात धरून चालवायची विजेवरची गोल करवत म्हणजे खेळणं नव्हे, हे या दोघांना कुणी कधी सांगितलेलंच नाही.

सेन्बा सुती हातमोजे घालून करवत चालवतो. फिरत्या पात्याला मोज्याचा एक सुटा धागा पुरतो. धागा आत जातो, मागोमाग हात जातो. फळी बोटभर जाडीची, आणि पातं खाली तीन-चार बोटं लोंबतंय. ते फळीच्या खाली जेमतेम दिसेल एवढंच ठेवायचं असतं. फळीची दोन्ही टोकं लाकडी घोड्यांवर टेकवून मधोमध कापतात. मधे फळी वाकते, पात्याला चिमटा बसतो, आणि करवत मागे उसळते. मागे कोण उभं असतं? सेन्बा, मांडी पुढे करून. कापून झालं की पातं थांबायच्या आतच करवत जमिनीवर टेकवतो. मी बोलले तेव्हा म्हणाला, वीस वर्षं असंच करतोय. वीस वर्षं मूर्खपणा केला की त्याचं कौशल्य होतं, असा इथे समज आहे.

पण कळस पुढेच. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर एक जुनी हिरवी करवत ठेवलेली आहे. तिचं खालचं झाकण, पातं लाकडातून बाहेर आलं की स्प्रिंगनं आपोआप मिटतं ते, वर ओढून तारेनं करकचून बांधलेलं. पात्याचे दात उघडे. माणूस आणि त्याचा अडाणीपणा यांच्यात ते एवढं एकच झाकण असतं, आणि यांनी ते बांधून टाकलं.

मी ती खाली काढली. मुराकोशी म्हणाले, जुनी आहे, वापरात नाही, असू द्या. मी पक्कड मागितली. ते म्हणाले, तार राहू द्या. मी तार कापली. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, पण तोवर तार माझ्या हातात आली होती.

झाकण चट्‌दिशी मिटलं. घडीचा हातपंखा मिटवल्यासारखा आवाज. स्प्रिंग उत्तम आहे. शिकवायला हीच वापरणार.

७ नोव्हेंबर

आज पहिला धडा.

आगगाडीच्या चालकापासून क्रेनवाल्यापर्यंत सगळा देश कामाआधी एकेका गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणतो: हे ठीक, ते ठीक. बोट नेमकं जातं, म्हणून डोळा नेमका जातो. इथे मात्र हे दोघे मूठ दाखवतात. बोटं आत घेऊन मिटलेली मूठ, मांजरानं पंजा पुढे करावा तशी. कारण विचारलं तर मुराकोशी म्हणाले, वडिलांच्या वेळची सवय. हे इथलं ठरलेलं उत्तर दिसतंय.

हिरवी करवत बाकावर ठेवली. वायर सॉकेटमधून काढलेली. तिच्यासमोर उभी राहून दोन्ही हात वर केले, बोटं पसरली आणि म्हटलं, चाळीस वर्षं यंत्रांत काढली, ही बघा. सकाळी दहा आणायची, संध्याकाळी दहा घरी न्यायची. सेन्बा म्हणाला, “सेन्सेई, हिला नमस्कारही करायचा का?” मी म्हटलं, आधी बोट सरळ कर, अक्कल मागून येईल.

त्यानं बोट केलं. झाकण मिटलेलं, ठीक. वायर काढलेली, ठीक. पातं थांबलेलं, ठीक. मुराकोशींना मी सूट दिली, त्यांच्याकडे दाखवायला बोटच नाही. ते दाराशी उभे राहून आमच्याकडे नाही, करवतीकडे बघत होते.

११ नोव्हेंबर

सुधारणा आहे. हातमोजे गेले. पात्याची खोली फळीगणिक लावली जाते. कापलेला तुकडा मोकळा खाली पडेल असा आधार देतात. करवतीच्या सरळ मागे न राहता बाजूला उभे राहतात. माकडंही शिकतात, वेळ द्यावा लागतो.

एक बारीकसा दोष. हिरव्या करवतीकडे बोट केलं की झाकण किंचित उघडतं. पात्याचे दोन दात दिसतील इतकं. मग मिटतं. सेन्बा म्हणाला, जांभई देतेय. स्प्रिंग सैल झाली असणार. नवी मागवली.

१३ नोव्हेंबर

नवी स्प्रिंग बसवली. उघडतंच.

मी पद्धतशीर पाहिलं. फूटपट्टी दाखवली, काही नाही. पेन्सिल, काही नाही. मूठ, काही नाही. बोट, उघडतं. माझ्या दहाही बोटांना उघडतं, अंगठ्यांनाही. मुराकोशींच्या तर्जनी नसलेल्या हाताला नाही.

याला कारण असणार. हवेतली स्थिर वीज, भुशाची धूळ, काहीतरी. कॉलेजात सगळ्या वर्गात मी एकटी मुलगी होते, आणि यंत्रशास्त्रात पहिली आले होते. एका झाकणानं मला चकवावं, हे हास्यास्पद आहे.

१५ नोव्हेंबर

सकाळी उजव्या तर्जनीच्या मुळाशी रेघ दिसली. शाईची, केसासारखी बारीक, बोटाभोवती सरळ गेलेली. लाकूड कुठे कापायचं ते दाखवायला सुतार शाईत भिजवलेला दोरा ताणून रेघ मारतात, अगदी तशी.

साबणानं जात नाही. स्पिरिटनं जात नाही.

सेन्बाच्याही बोटावर तीच. तो मलाच म्हणाला की हा कसला पोरकटपणा, तुमच्या वयाला शोभतं का. मी त्याला तेच म्हणणार होते. दोघांचा आवाज चढला. मुराकोशी आले, आमचे हात पाहिले, आणि पायांत चपलाही न घालता अंगणात निघून गेले. मागून गेले तर पर्सिमनांखाली उभे होते. काय आहे हे, विचारलं. काही नाही, म्हणाले. ओठ पांढरे पडले होते. घाबरट म्हातारा.

१८ नोव्हेंबर

नीट लिहिते.

सेन्बा आज हातमोजे घालून आला. रेघ नको दिसायला म्हणून. मी काढायला लावले. नियम आहे. नियम बरोबरच आहे. तो म्हणाला, आज नको सेन्सेई, आज मुठीनं करतो. मी म्हटलं, बोट.

प्लग माझ्या हातात होता. हे मी पुन्हा लिहिते. प्लग माझ्या हातात होता, वायर माझ्या मनगटाला गुंडाळलेली होती, आणि करवत बाकावर होती, सेन्बापासून हात पुरणार नाही इतक्या अंतरावर. तो म्हणाला, झाकण मिटलेलं, ठीक. वायर काढलेली —

झाकण उघडलं आणि मिटलं. चट्. एवढंच.

तो आपल्या हाताकडे बघत राहिला. ओरडलाही नाही. मग रक्त.

कापलं ते रेघेवर. रेघेच्या एक केसही इकडे नाही, तिकडे नाही. असं कापणं मी कुणाच्या हातून पाहिलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

बोट सापडलं नाही. भुसा चाळला. पात्यावर रक्ताचा थेंब नाही.

कंपनीला अपघाताचं कारण कळवायचं होतं. दुसरं काय लिहिणार? लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा. सेन्बाचं नाव, त्याखाली माझी सही.

मुराकोशींनी वाचलं आणि म्हणाले, “मीही हेच लिहिलं होतं.”

मग सगळं सांगितलं. त्यांचं बोट गेलं तेव्हा ते इथे नव्हतेच. पलीकडच्या गावी बहिणीकडे जेवायला बसले होते, करवत या फळीवर, वायर काढलेली. तेव्हा त्यांच्या पाच बोटांवर रेघा होत्या. वडिलांनी झाकण तारेनं उघडं बांधलं, आणि बाकीच्या चार रेघा पुसल्या गेल्या. वडिलांच्या हाताला तेव्हा तीनच बोटं उरली होती. करवत फेकून का दिली नाही, विचारलं. फेकली होती, म्हणाले.

मी त्यांना वाटेल ते बोलले. भेकड, घुम्या. हसं होईल या भीतीनं तोंड शिवून बसलात, म्हणून त्या माणसाचं बोट गेलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “उएमात्सु-सान, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?”

नाही. हसले असते. आणि मग त्याच फळीवरून तीच करवत काढून तीच तार कापली असती.

२० नोव्हेंबर, सकाळ

दहा रेघा.

मीच बोटं दाखवली होती. दोन्ही हात वर करून, पसरून, एकेक मोजता येईल अशी. ही बघा.

नागोयाला जावं? बोटं बरोबरच येणार. सेन्बाच्या दुसऱ्या हातावर काल रात्रीपासून रेघ आहे, हॉस्पिटलातून तोकुए-साननं कळवलं. अंगठ्यावर.

खाली चट्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा चट्. कारखान्यात कुणी नाही.

२० नोव्हेंबर, दुपार

मुराकोशी म्हणाले, मी बांधतो. ज्याला कालपर्यंत कारण सांगायचं धाडस नव्हतं त्याच्या हाती हे काम द्यायचं? तार मी कापली, मी बांधीन. त्यांना हॉस्पिटलात पाठवलं. गेलेसुद्धा, लगेच. आता सेन्बाचा अंगठा माझ्या हातात आहे. वाक्य चुकीचं झालं. असू दे.

डाव्या करंगळीची रेघ आता शाईसारखी काळी नाही. लाल —

२० नोव्हेंबर

बाकाशी बसून लिहितेय. वही समोर, तिच्यामागे करवत. दार उघडं, ऊन आहे. पद्धतशीर करायचं. आधी लिहायचं, मग करायचं.

तार घेतली. पक्कड घेतली. मूठ मिटून ठेवली होती, इथपर्यंत.

मूठ मिटून तार पिळता येत नाही. पक्कडही धरता येत नाही. म्हाताऱ्याच्या बापानं तीन बोटांनी कसं केलं — विचारायला हवं होतं. मी शिव्या देण्यात वेळ घालवला. मूर्ख बाई. चाळीस वर्षं दुसऱ्यांना —

पेन धरायलाही बोटं लागतात. हे आत्ता लक्षात आलं. मघापासून ती बघतेय.

तोंडानं म्हणत करते. बोट न दाखवता. नुसतं लिहून.

प्लग काढलेला, ठीक.

वायर माझ्या पायाखाली, ठीक.

झाकण मिटलेलं —

झाकण उघडतंय —

पातं थांबलेलं —