सात किलोच्या आत

४ ऑक्टोबर, विमानतळ
पन्नाशीनंतर पाठीवर सॅक टाकून परदेश बघायला निघालेले आमच्या शाळेच्या बॅचमध्ये आम्ही दोघंच. खरं तर मीच. ढब्बूला मी ओढून आणलंय. लीडर अर्थातच मी. मीही पहिल्यांदाच चाललोय, पण व्हिडिओ भरपूर बघितलेत.

नियम एकच: सॅक सात किलोच्या आत. वजनाचा हातकाटा बरोबर आहे. ढब्बूची नऊच्या वर भरली. वहिनींनी संसारच कोंबला होता. चेक-इनच्या आधी कोपऱ्यात बसून सगळं उपसलं. जादा चप्पल, जाड टॉवेल, मफलर सोडायला आलेल्या त्याच्या मेव्हण्याच्या हाती परत. ढब्बूच्या बीपीच्या गोळ्या आणि माझ्या ॲसिडिटीच्या, दोन्ही पाकिटांतून सोलून एका डबीत. पाकिटं कचऱ्यात. ढब्बू म्हणाला, पाकिटं राहू दे की. म्हटलं, हाच तर फरक आहे टूरिस्टमध्ये आणि आपल्यात. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, पण त्याच्या गोळीवर रेघ आहे. माझी नजर पक्की आहे.

५ ऑक्टोबर
पोचलो. हॉस्टेलच्या खोलीत दुमजली पलंग. माझा गुडघा दुखतो म्हणून ढब्बू वर.

वहिनींचा फोन. गोळी घेतात ना, विचारत होत्या. मी स्वतःच्या हातानं देतो, म्हटलं. म्हणाल्या, मग मला काळजी नाही, भाऊजी. माणसं ओळखतात.

खिडकीच्या उजेडात पाहिलं तर रेघ दोन्ही गोळ्यांवर आहे. बारीक रेघ त्याची, ठळक माझी. हे आता लक्षात ठेवायचं.

६ ऑक्टोबर
ढब्बूची कटकट सुरू. मान मागून ठणकतेय म्हणे. बाजारात पायऱ्या दिसल्या की बसतो. मात्र भूक सपाटून. तळलेलं खाऊनही छातीत जळजळ नाही, असं कधी झालं नव्हतं म्हणतो. माझ्या नियोजनाचा परिणाम.

माझी ॲसिडिटी उलट वाढलीय. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. उंचीवरची विरळ हवा असणार. हॉस्टेलवाली म्हणाली, हे बंदर आहे, समुद्र त्या खिडकीतून दिसतो. वाद घातला नाही.

संकल्प: उद्यापासून माझ्या गोळ्या दुप्पट.

७ ऑक्टोबर
दुप्पट घेऊनही जळजळ तशीच. दात घासताना भिंत धरावी लागली.

हॉस्टेलवाली सकाळी ढब्बूच्या लालबुंद तोंडाकडे बघत राहिली. मग मला बाजूला घेऊन कोपऱ्यावरच्या इमारतीकडे बोट दाखवून तिच्या भाषेत काहीतरी घाईघाईनं सांगू लागली. बघण्यासारखं ठिकाण असावं म्हणून ढब्बूला घेऊन गेलो, तर दवाखाना. आत बघण्यासारखं काही नव्हतं. परत आलो.

ढब्बू म्हणाला, एकदा दाखवून घेऊ का? म्हटलं, दोन तास जातील, उद्या टेकडी आहे. बरं म्हणाला. शाळेपासूनच मुकाट ऐकतो माझं. म्हणून तर दोस्ती टिकली.

८ ऑक्टोबर
सकाळी ढब्बू म्हणाला, आज राहू दे. गोळी हातावर ठेवली, पाणी दिलं आणि निघालो. थकवा हा मनाचा खेळ असतो.

अर्ध्या चढावर त्याच्या हातातून बाटली पडली. उचलून दिली. पुन्हा पडली. जरा नीट धर म्हटलं, तर तोंडात घास असल्यासारखं काहीतरी पुटपुटला. रुसला असावा. लाज वाटून तरी मागे येईल म्हणून मी पुढे निघून गेलो.

वळणावर मागे पाहिलं. रस्त्याच्या कडेला बसून तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. हात मांडीवर तसाच पडला होता. हाक मारली. वर बघून हसला, पण अर्ध्याच तोंडानं.

पळत खाली आलो. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

९ ऑक्टोबर, दवाखाना
भाजीच्या टेम्पोवाल्यानं आणून सोडलं. तोच, कोपऱ्यावरचा दवाखाना.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषध कुठलं? डबी दिली. त्यांनी गोळ्या कागदावर ओतल्या, पेनाच्या टोकानं उलट्यासुलट्या केल्या. पाकिटं मागितली. म्हटलं, वजन होत होतं. त्यांना वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे. पुन्हा विचारलं.

मला घेरी येतेय म्हणून माझंही बीपी पाहिलं. फारच कमी. बाई आकड्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. म्हणाल्या, तुम्हा दोघांपैकी एकानं बीपीच्या गोळ्या अगदी नेमानं घेतल्यात.

रेघा सारख्याच असतात. कंपनीवाल्यांनी काळजी घ्यायला हवी होती.

१० ऑक्टोबर
ढब्बू वाचला. हाताचं आत्ताच सांगता येत नाही. बोलायला जातो, शब्द सांडतात. सकाळी बराच वेळ घेऊन त्यानं मला विचारलं, तुझ्या पोटाचं कसं आहे. बाहेर येऊन रडलो.

वहिनी विमानात बसताना फोनवर म्हणाल्या, तुम्ही बरोबर होतात म्हणून निभावलं, भाऊजी. मी सावकाश या म्हटलं.

संकल्प: त्यांना सगळं सांगायचं. विमानतळावर नको, तिथे गर्दी असते. टॅक्सीत सांगेन. टॅक्सीत ड्रायव्हर ऐकेल, पण त्याला मराठी येत नसणार.

तोवर काय करायचं म्हणून सामान आवरलं. दोन्ही सॅक सातच्या आत आहेत. शेवटी डबी तेवढी काट्याला अडकवून बघितली. काटा हललाही नाही.