एका दमाचा शंख

राजूर, ता. अकोले
९ जुलै १९४४

चि. नृसिंहास मार्तंडाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि.

उत्तराला उशीर झाला त्याला कारण आमचा जुना सोयरा दमा. मृग लागला तसा तो मुक्कामाला आला, अजून हलायचे नाव नाही. पंधरा दिवसांत सूर्य दिसलेला नाही. भिंतीला हात लावला की ओल लागते, पोरे ओल्या घोंगड्यांसकट वर्गात बसतात आणि मी खुर्चीवर बसूनच पाढे घेतो. धोत्र्याच्या पानांची विडी ओढली की घटकाभर बरे वाटते. हेडमास्तर विडी ओढतात म्हणून पोरे खुसखुसतात.

मागच्या दिवाळीत गावी आलो तेव्हा भिमाजी पाटलाने मला नीट निरखून पाहिले आणि आणखी एक दिवाळी काढलीत की, असे म्हणाला. तीस वर्षे सगळे गाव माझ्या मरणाच्या तारेची वाट पाहते आहे. मीही हसून घेतो. पण खरे सांगू, श्वास आत जातो आणि बाहेर यायला मागत नाही, तेव्हा फार भीती वाटते.

वडिलांनी सिद्धेश्वराचा शंख माझ्या हातून काढून तुझ्या हाती दिला तेव्हा मी रडलो होतो. आता वाटते, सुटलो. नैवेद्याला पडदा ओढून एका दमात शंख फुंकायचा, दम मध्ये तुटता कामा नये, हे माझ्या छातीचे काम नव्हे. प्लेगच्या साली वडिलांचा शंख मध्येच तुटला आणि महिन्याभरात गाव रानात झोपड्या घालून राहिले. हे गाव अजून विसरलेले नाही.

तेव्हा आपल्या घरचा नेहमीचा प्रश्न: शंख कसा वाजतो? शंख दमदार असला की मला तुझी दुसरी काळजी नाही. श्रावणाआधी चार दिवस वर ये. भंडारदऱ्याचे धरण भरत आले आहे, दाखवीन.

चि. सौ. नीलांबरीस आशीर्वाद. तुम्हा दोघांचा लोभ माझ्या दम्यासारखा चिकट राहो.

तुझा
अण्णा


टाकळी, ता. नेवासे
२० जुलै १९४४

ती. स्व. अण्णांचे सेवेशी,
बालके नृसिंहाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

शंख उत्तम वाजतो. परवा भिमाजी पाटील पायरीवर बसून म्हणाला, औंदा आवाज लई गोड लागतुया, म्हाराजांनी तूप वाढवलं जनू. आता पाटलाचीच साक्ष म्हटल्यावर तुम्ही निश्चिंत असावे.

राजूरला यायचे मात्र यंदा जमेलसे दिसत नाही. तुमच्याकडे सूर्य नाही, आमच्याकडे ढग नाही. विहीर खोल गेली आहे. पाणी ओढायला गावातल्या बन्सीला लावला, बिचाऱ्याला काम नव्हते. नदीपलीकडच्या बाजाराला हल्ली जात नाही, तिथे घेण्यासारखे आहे काय? दुपारी पाठीशी दोन उशा घेऊन पोथी वाचत बसतो. आडवे पडून वाचण्यापेक्षा हे बरे. आपली भावजय म्हणते की मी आळशी झालो. तुम्ही तिची बाजू घेऊ नये.

तुम्ही पाठवलेला स्टोव्ह फळीवर देवासारखा बसून आहे. घासलेट रेशनावर, रात्रीच्या कंदिलापुरतेच मिळते. चुलीत ओल्या बाभळी आणि शेण्या. घरात धूर असा की आम्ही नवराबायको एकमेकांना आवाजावरून ओळखतो.

तुम्ही जपावे. एवढ्याशा श्वासावर तुम्ही शाळा चालवता, मला तर घोड्याची छाती मिळाली आहे. आपल्या मायेची सावली अशीच असू द्यावी.

आपला
नृसिंह


टाकळी
२ ऑगस्ट १९४४

ती. स्व. अण्णांचे सेवेशी,
नीलांबरीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपल्याला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. ह्यांच्या नकळत लिहिते आहे. आगाऊपणा वाटला तर रागवावे, पण आधी पत्र पुरते वाचावे.

ह्यांनी शंखाचे लिहिले ते खोटे नाही. शंख वाजतो. फक्त तो हे वाजवत नाहीत. चैत्रापासून मी वाजवते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नैवेद्य घेऊन मी गाभाऱ्यात गेले, पडदा ओढला, आणि ह्यांनी शंख ओठाला लावला तर नुसती हवा आली. चेहरा काळानिळा झाला. बाहेर माणसे थांबलेली, घंटा चाललेली. काय करते ते कळायच्या आत मी शंख ओढून घेतला आणि फुंकला. वीस वर्षे चुलीपुढे फुंकणी फुंकते आहे, तेवढ्यावर निभावले. तेव्हापासून रोज हे डोळे मिटून उभे राहतात आणि मी वाजवते. बाईमाणसाने शंख फुंकला हे कळले तर गाव काय करील आणि देव काय करील, कशाची भीती जास्त आहे ते मला सांगता येत नाही.

अंगणातून ओट्यावर चढले की हे खांबाला धरतात. आडवे झाले की जीव घुसमटतो, म्हणून त्या दोन उशा. खोकला नाही, ताप नाही, आपल्यासारखी छाती वाजत नाही. शेजारची रंगुबाई कुजबुजली की तिच्या भावाचं आसंच हुतं, तो क्षयानं गेला. क्षय म्हटले की पूजा जाईल, घर जाईल, सावलीलाही कोणी उभे राहणार नाही. आणि ह्यांच्याविना मी काय करू?

आपल्याला कळवू नये अशी ह्यांनी शपथ घातली आहे. अण्णांची छाती आधीच अधू, काळजीने जातील म्हणतात. शपथ मोडली. पाप मला लागो.

आपला आधार आहे असे धरून चालले आहे.

आज्ञाधारक
नीलांबरी


नगर
२५ ऑगस्ट १९४४

चि. सौ. नीलांबरीस अनेक आशीर्वाद. वि.

शपथ मोडलीस ते उत्तम केलेस. नेवाशाचे चुलत काका जन्मात कोणाच्या उपयोगी पडले नाहीत, पण ऐन वेळी वारले. दहा दिवसांच्या सुतकामुळे पूजा गुरवाकडे, शंख बंद, आणि कोणाला न सांगता नृसिंहाला घेऊन मला नगरला येता आले.

आधी गोड बातमी. क्षय नाही. छातीच्या एक्स-रे फोटोत नाही, थुंकीत नाही. डॉक्टरांनी दोनदा पाहिले. इतके दिवस धरलेले रडू ऐकताक्षणी मला आले, ते तुझ्यापुढे लपवीत नाही.

आता कडू. डॉक्टरांकडे पाण्याने भरलेली एक मोठी बरणी आहे. रबरी नळीतून एका दमात फुंकायचे, जेवढा श्वास तेवढे पाणी दुसऱ्या बरणीत सरकते. नृसिंहाने फुंकले. मग डॉक्टर सहज म्हणाले, तुम्हीही फुंका. मी फुंकले. माझे पाणी त्याच्यापेक्षा वर गेले. माझे, जन्माच्या दमेकऱ्याचे! नृसिंह माझ्याकडे बघत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

डॉक्टर म्हणाले की तिशी उलटली की सगळ्यांचाच श्वास दरसाल थोडा थोडा ओसरतो. दमा असलेल्याचा ओसरतो, नसलेल्याचाही. एखाद्याची विहीर चैत्रातही टिकते, एखाद्याची माघातच तळाला जाते. आणि दांडग्या छातीच्या माणसाला तर अर्धे पाणी आटेपर्यंत पत्ता लागत नाही. मी रोज श्वास चाचपून जगलो. त्याला कधी चाचपायची गरजच पडली नाही. आपण सगळे शंखावरच विसंबलो. गेलेले परत येत नाही म्हणतात, पण उरलेले जपता येते. घरचा धूर आणि गाभाऱ्यातला धूप यांनी त्याची छाती खाल्ली आहे. धूर त्याला वर्ज्य.

तेव्हा आता असे कर. त्याला स्वयंपाकघरात फिरकू देऊ नकोस, चुलीपाशी तू एकटीच बस. धूप तू पेटव, तो विझेपर्यंत त्याने मागल्या दाराने बाहेर जाऊन गावाच्या नजरेआड बसावे. शंखही तूच वाजव. वडिलांच्या जागी मी आहे, माझी आज्ञा समज. देवाला श्वास कोणाचा ते कळत असेल तर मायाही कळेल.

शुक्रवारच्या मोटारीने त्याला पाठवतो. माझे आशीर्वाद तुझ्या पाठीशी उभे आहेत.

अण्णा


टाकळी
१९ सप्टेंबर १९४४

ती. स्व. अण्णांचे सेवेशी,
नीलांबरीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपल्या आज्ञेप्रमाणे सर्व चालू आहे. हे दिवसभर लिंबाखाली बसतात. ओठांचा निळेपणा कमी झाला, काल खांब न धरता ओट्यावर चढले. मी पदराने डोळे पुसले तर म्हणतात कसे, धुराचे निमित्त आता चालायचे नाही, तू बाहेर उभी आहेस. थट्टा करू लागले म्हणजे उतार आहे.

चूल, धूप, सारे मीच बघते. काल सोमवारी मात्र एक झाले. ह्यांना सांगितलेले नाही, मागल्या दाराबाहेर लांब होते म्हणून कळलेही नाही असे धरून आहे. शंख मध्येच तुटला.

पुन्हा श्वास भरून मी पुढचा वाजवला. पण तेवढ्यात बाहेरची घंटा थांबली होती. भिमाजी पाटलांनी पायरीवरून विचारले म्हणे की म्हाराज बरं हाय ना समदं. सकाळपासून गावात प्लेगच्या सालच्या गोष्टी निघाल्या आहेत. रंगुबाईने पोराच्या गळ्यात ताईत बांधला. मला त्या गोष्टींची भीती वाटायला हवी, पण वाटते ती वेगळीच.

नदीवरून दोन घागरी घेऊन मी एका दमात वर यायची. हल्ली लिंबापाशी टेकवते. सकाळी खोकला येतो, तो तर दिवाळीपासून आहे. चुलीपाशी बसणाऱ्या बायकांना खोकला असायचाच, आईलाही होता, म्हणून कधी लक्ष दिले नाही. आपले पत्र परवा पुन्हा वाचले, त्यात धुराचे लिहिले आहे, तिथे थांबले.

थकवाच असेल. ह्यांना कळवू नये. एवढेच विचारते की त्या बरणीत फुंकायला बायकांना चालते का?

मुलीसारखी समजून क्षमा करावी.

नीलांबरी


राजूर
२२ सप्टेंबर १९४४

चि. सौ. नीलांबरी,

चालते. मी काय लिहून बसलो होतो ते आठवून अन्न जात नाही. त्याच्या वाटणीचा सगळा धूर मी तुझ्या नावे लिहून दिला, आणि वर आज्ञा म्हटले.

शंख आजपासून कोणी ओठाला लावायचा नाही. कोनाड्यात पालथा घाल. चूल विझव. रंगुबाईकडून भाकरी घ्या, ती देईल. पत्र मिळेल त्या मोटारीने दोघेही नगरला निघा. मी पुढे येऊन थांबतो. या पावसात घाट उतरू नये असे मला सांगायला इथे कोणी नाही, ते बरे आहे.

गावाला कारण काय सांगायचे म्हणून घोटाळू नकोस. सुतक आले म्हणा. पुन्हा दहा दिवस शंख बंद, आणि तुटला तो का, याचेही गावाला उत्तर मिळेल. कोण गेले असे भिमाजीने विचारले तर माझे नाव सांग. दमेकरी अण्णा राजूरला गेले म्हण. तीस वर्षे वाट पाहताहेत, कोणालाही खोटे वाटायचे नाही. नृसिंह आढेवेढे घेईल. त्याला सांग, पुढे तार चुकीची होती म्हणता येईल.

खोट्या मरणाने माणसाचे आयुष्य वाढते म्हणतात. माझे वाढेल ते तुम्ही दोघांनी वाटून घ्या. निघा.

अण्णा