खिडकी कुठल्या पानावर आहे?

डहाणू, गुरुवार

प्रिय हंसाताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. बारावीचं नाव काढलं की लगेच तुझ्या दारात गिऱ्हाईक येतं! म्हणून आज कागदावर लिहितेय. एक मागणं आहे, ते शेवटी. त्याआधी पान उलटून बघशील तर तुला तुझ्या लेकीची, दक्षाची शपथ.

तर बातमी अशी, की काल भर वर्गात माझी फजिती झाली आणि तिला सर्वस्वी तू जबाबदार आहेस.

तुझी दहावी झाली त्या सुट्टीत तू शाळेतून निळ्या पुठ्ठ्याची एक कादंबरी आणली होतीस, आठवतं? डोंगरातल्या वेणूची, तिच्या मोठं होण्याची. चिखल्याच्या आपल्या अंगणात तू दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वाळवायला बांबूच्या वलांडीवर टांगायचीस. हात ओले, म्हणून पुस्तक मी धरायचं. पुठ्ठा माझ्याकडे, अक्षरं तुझ्याकडे. तू मान हलवलीस की मी पान उलटायचे. वेणूचे डोळे मासोळीसारखे होते असं आलं, तेव्हा तू इतकी हसलीस की हातातले बोंबील वाळूत पडले. या लेखकाने बाजारातली मासळी कधी बघितलेली दिसत नाही, म्हणालीस. उपमा म्हणजे काय ते मला दहाव्या वर्षी असं कळलं. वेणूच्या काकीवर मी चिडायचे, तर तू म्हणायचीस, "वाईट नाही गं ती, दमलीय."

तीच कादंबरी यंदा आम्हाला एस.वाय.ला लागलीय. निलम मॅडमनी व्यक्तिरेखा, आशय, प्रतिमा असं वाटून दिलं आणि प्रतिमा माझ्या वाट्याला आल्या. मी सगळं पुस्तक वाचलं, शेवटची पानं तेवढी सोडली. जे तोंडपाठ आहे ते कशाला वाचायचं? वेणू शिकायला निघते, तिला एसटीत खिडकीची जागा मिळते, कंडक्टर अर्धं तिकीट फाडून देतो आणि गाव दिसेनासं होईपर्यंत ती चिकू खात बसते. त्या खिडकीवर मी दहा मिनिटं बोलले, ताई! खिडकी म्हणजे वेणूसमोर उघडलेलं जग, चिकू म्हणजे गावाचा बरोबर घेतलेला गोडवा. टाळ्यासुद्धा पडल्या. मग मॅडम पानं चाळत म्हणाल्या, "रुपल, ही खिडकी कुठल्या पानावर आहे?" वर्ग फुटला हसून. तलासरीचा तो सुरज तर कालपासून मला 'खिडकी' म्हणूनच हाक मारतोय.

मॅडमनी मला शेवटचं पान मोठ्यानं वाचायला लावलं. वेणू एसटीत बसतच नाही गं. ती आपलं दप्तर धाकट्या बहिणीच्या खांद्याला अडकवते, तिला गाडीत बसवते आणि एकटीच शेताकडे वळते. मला पुढचं वाचता येईना. ती खिडकी तुझी आहे, हे मी मॅडमना तिथेच सांगितलं.

त्या जूनमध्ये आईचा गुडघा गेला होता. पाचवीसाठी एसटीने डहाणूला जायचं म्हणून मी आठवडाभर भोकाड पसरलं होतं. मग वेणू गेली, म्हणून मीही गेले. तुझं दप्तर घेऊन गेले. तू आईची मासळीची टोपली उचललीस ते मला दिसत होतं, पण तू म्हणालीस तुला बाजारच आवडतो, आणि मी ते खरं मानलं. किती सफाईने खोटं वाचलंस गं! एकदाही अडखळली नाहीस. आधी तुझा राग आला, मग रडू आलं, आणि मग इतका आनंद झाला की मी हॉस्टेलभर ही गोष्ट सांगत सुटले. मॅडम म्हणाल्या, लेखकापेक्षा तुझ्या बहिणीचा शेवट मला आवडला, पण मार्क छापलेल्या शेवटालाच द्यावे लागतात.

आता मागणं. सोबत सतरा नंबरच्या फॉर्मची प्रत आहे, बाहेरून बारावीला बसायचा. तुझं सगळं मी भरलंय. दहावीचा दाखला आईने स्वतः उठून ट्रंकेतून काढून दिला. जिग्नेशभावोजींना विचारलं, तर म्हणाले, नारळी पुनवेपर्यंत होडी काठावरच आहे, दक्षाला मी सांभाळतो. म्हणजे तुझी कारणं संपली. सहीची जागा तेवढी रिकामी आहे आणि ती इथे कॉलेजात येऊन करायची आहे. सोमवार शेवटचा दिवस. झाईहून सकाळची पहिली एसटी पकड. मी स्टँडवर उभी असेन. कंडक्टर तुलाही अर्धंच तिकीट देईल, आता सगळ्याच बायकांना अर्धं असतं. पिशवीत चिकू टाक आणि खिडकीशी बस. हे सगळं कागदावर लिहिलेलं आहे, ताई. आता शेवट बदलायचा नाही.

तुझीच,
पुस्तक धरणारी रुपल