विहीर आटली तरी भरभराट?

मंगळवार, ४ मार्च, सकाळी सव्वादहा

चि. धाकट्यास ताईचा आशीर्वाद, आणि कानउघाडणीही.

मी इथे लेकीकडे मजेत आहे. पण आत्ताच तिच्या संस्थेच्या अहवालाचा कच्चा मसुदा वाचला. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याने आपल्या भागाची भरभराट होणार म्हणे. मी विचारलं, "आणि विहिरी?"

"आई, विहीर आटली की लोक टँकर मागवतात. तो खर्चही वाढीतच धरतात."

शाळेत नन्सनी मला असलं गणित शिकवलं नव्हतं. चुकतेय कोण, कळेना.

तू लिहितोस, सगळं ठीक. मग परवा फोनवर बोलताना मागे तुझी बायको टँकरवाल्यावर का खेकसत होती?

मामाने लिहून दिलं तर अहवालात घालीन, म्हणते लेक. विहिरीला पाणी आहे का, ते पंधरा तारखेच्या आत लेखी कळव. पुन्हा "सगळं ठीक" आलं, तर मी स्वतः येऊन विहिरीत डोकावेन.

तुझी ताई