डाव्या हाताचं मेंडोलिन

आबा, मी मेंडोलिन बनवायला घेतलं आहे. म्हणजे हात अजून लावलेला नाही, किट कुठलं घ्यायचं आणि कोणाकडून हे ठरवण्यातच दोन महिने गेले. किट म्हणजे मेंडोलिनचे सुटे भाग एका खोक्यात भरून येतात, पोट, पाठ, मान, घोडी, खुंट्या, आणि आपण ते घरी बसून घासायचे, जुळवायचे, चिकटवायचे. तुम्ही असता तर म्हणाला असता, आयतं कापलेलं जोडायचं, त्याला बनवनं म्हंत्यात व्हय? म्हणा. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, मीही आता कारखान्यातून निवृत्ती घेऊन बेगडेवाडीच्या घरात बसले आहे. तुम्ही काही म्हणालात की गप्प बसायचं, हे वय माझं संपलं.

तुम्ही लोणावळ्यातल्या बंगल्यांचे सुतार होता आणि एप्रिल आला की वस्तीच्या गायन पार्टीत मेंडोलिन वाजवायचा. औंढ्यापासून सुदुंबऱ्यापर्यंत जयंतीचे कार्यक्रम व्हायचे, आणि लोक गाणाऱ्यापेक्षा तुमच्याकडे जास्त बघायचे. एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे, मी अकरा वर्षांची आहे. आपल्या खोलीत सराव चालला आहे, पाच माणसं दाटीवाटीनं बसली आहेत, आणि चहा देण्याचं काम माझ्याकडे आहे. तुम्ही कप घ्यायला मेंडोलिन चटईवर ठेवता आणि मी ते उचलते. तुम्हाला माहीत नव्हतं, पण तुम्ही कामावर गेलात की मी ते रोज काढत होते. मी डावखुरी, त्यामुळे मान आपोआप उजव्या हातात आली आणि तारा छेडायची नखी डाव्यात. तारा माझ्यासाठी खालच्या वर, वरच्या खाली, तरी मी गाण्याची पहिली ओळ न चुकता वाजवली. ढोलकीवाले भाऊ म्हणाले, "आयला, पोरीचा सूर लागला की वो." तुम्ही कप खाली ठेवला. "ठिव ते खाली. वाद्य हाय, केरसुनी न्हाई उलटी धरायला. डावरीचा कसला आलाय सूर?" चारचौघांत केलेला तो पाणउतारा मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. ती ओळ मात्र मी विसरले.

नंतर आईनं भांडून तुम्हाला मला शिकवायला लावलं. महिनाभर तुम्ही माझ्या उजव्या हातात नखी कोंबलीत. ती नखी सारखी गळून पडायची, माझी डावी बोटं मानेवरच्या पडद्यांवर लाकडासारखी ताठ व्हायची, आणि तुमचा उसासा ऐकू यायचा. शेवटी तुम्ही आईला सांगितलंत, हिच्या हातात न्हाई, आणि माझ्या भावाला शिकवायला घेतलंत. त्यानं दोन वर्षांत सोडून दिलं, ते सोडा. शिकवलं नाहीत याचा मला राग नव्हता. मी खरंच ढ आहे असं समजून मी कधीच गिळून टाकलं असतं, जर त्या मे महिन्यात तुमच्याबरोबर बंगल्यावर गेले नसते.

त्या दिवशी हत्यारांची पिशवी माझ्याकडे होती. मुंबईच्या बाईंनी स्वयंपाकघराचं दार दाखवलं. दार उजवीकडे उघडायचं आणि त्यांच्या फ्रिजला अडायचं. "हे डावीकडे उघडणारं करता येईल का हो?" त्यांनी अगदी सहज विचारलं. तुम्ही म्हणालात, "व्हय की बाई, न व्हायला काय झालं?" बिजागऱ्या काढल्या, जुन्या खाचांत लाकडाचे तुकडे बसवले, दुसऱ्या बाजूला नव्या खाचा पाडल्या, आणि जेवणाच्या आत दार उलटं झालं. मी स्क्रू हातात धरून उभी होते. मेंडोलिन उलटं करायला काय लागतं आबा? मानेच्या टोकाला एक हाडाची बोटभर पट्टी असते, तिच्या खाचांमधून तारा जातात, जाड तारेची खाच रुंद आणि बारीक तारेची अरुंद. ती पट्टी दुसरी करायची, तारा टेकवायची घोडी फिरवायची, तारांचा क्रम बदलायचा. तुमच्यासारख्याला एका दुपारचं काम. बाईंच्या फ्रिजसाठी दार फिरलं आणि पोरीसाठी आठ तारा फिरल्या नाहीत. परत येताना तुम्ही मला चिक्की घेऊन दिलीत. ती मी खाल्ली, याचीही मला नंतर चीड आली.

म्हणून किट. दुकानात डावखुऱ्यांचं तयार मेंडोलिन मिळत नाही, मिळालं तर परदेशातलं. किटमध्ये मात्र चिकटवण्याआधी सगळं आपल्या हातात असतं. पोटाच्या आत दोन लाकडी दांड्या असतात, त्या अदलाबदल करून बसवता येतात. मानेच्या कडेला पडदे ओळखायचे ठिपके असतात, ते दुसऱ्या कडेला घेता येतात. फक्त आकार जपून निवडायचा. एका बाजूला गोगलगाईसारखं वेटोळं असलेलं दिसायला ऐटदार असतं, पण ते उलटं धरलं की वेटोळं भलतीकडे जातं. थेंबासारखं, दोन्ही बाजूंनी सारखं असलेलं मी पक्कं केलं. मग विकणारे. परदेशातल्या एकानं मेलला फार अदबीनं उत्तर दिलं, पण लाकूड किती वर्षांचं आहे हे चारदा विचारूनही सांगितलं नाही, नुसते फोटो पाठवत राहिला. मुंबईचा एक पोरगेला आवाज फोनवर म्हणाला, "मॅडम, लेफ्ट हँडला डिमांडच नाही. रेग्युलर घ्या आणि तारा उलट्या लावा, चालतंय. मुलासाठी घेताय का?" मी म्हटलं, मुलगी आहे. ते खोटं नव्हतं, मी तुमचीच मुलगी. पण खाचा मापाच्या नसल्या तर जाड तार बारीक खाचेत बसत नाही, हे त्याला मला सांगावं लागलं, आणि सांगताना माझा आवाज थेट तुमच्यासारखा तिरसट झाला.

माझ्या तोंडी तुमचा आवाज आलेला मला सहन होत नाही. तरी लाकूड हाच प्रश्न मी पहिला विचारते, कारण तुम्ही पार्टीतल्या पोरांना सांगायचा, "लाकडाला आदी हितला एक पावसाळा दाखवायचा, मंग रंधा लावायचा." लोणावळ्याच्या ओलीत बाहेरून आणलेली फळी फुगते, आणि तुम्ही ती वर्षभर घरात आडवी ठेवल्याशिवाय कापायचा नाही. मला कधी सांगितलं नाहीत. मी चहा देताना ऐकलं. आयुष्यभर तुमचं असं चोरून घेतलेलंच माझ्याकडे आहे.

शेवटी मिरजेकडचे एक म्हातारे कारागीर मिळाले. सुटे भाग स्वतः कापून देतात. मी माझी यादी वाचायला घेतली, तर लाकडाचं विचारायच्या आधीच थांबवून त्यांनी विचारलं, "ताई, हात कुठला चालतो तुमचा?" फोन कट झाला समजून ते दोनदा हॅलो म्हणाले. मग मी म्हटलं, डावा. "बरं," ते म्हणाले, "मग पट्टी कोरीच पाठवतो. खाचा तुमच्या अंदाजानं पाडा." एवढंच बोलणं. त्यांना वाटलं असेल, साधं गिऱ्हाईक आहे. मी फोन ठेवून ओट्याला टेकून रडले. लाकूड त्यांच्याकडे सात वर्षं पडून होतं, तेही विचारायचं राहिलं होतं, त्यांनी आपणहून सांगितलं. मी त्यांनाच होकार कळवला आहे.

खोकं पुढच्या आठवड्यात येईल, आणि त्याआधी हे लिहायलाच हवं होतं. हे पत्र कुठे जाणार नाही, भावालासुद्धा मी ते दाखवणार नाही. तुमच्या शेवटच्या वर्षी करवतीच्या मशीननं तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली, पडद्यांवर चालायची तीच. पार्टीवाले येऊन गेले, तुम्ही त्यांना यंदा जमत न्हाई म्हणालात. मी रविवारी लोकलनं लोणावळ्याला आले, तर मेंडोलिन मांडीवर घेऊन तुम्ही नुसत्याच खुंट्या पिळत बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुज्यासारकं उलटं धरून बगावं म्हन्लं. पडद्यांवर उजवा हात चालंल. तेवडी पट्टी दे की करून. माज्या हातात आता कानस ऱ्हात न्हाई." मी तेव्हा कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारं घडवण्याच्या कामावर होते, केसाएवढी मापं काढायची मला सवय होती. मी म्हटलं, बघते, वेळ मिळाला की. "व्हय, तुला डिवटी आसती," तुम्ही म्हणालात, आणि पुन्हा तो विषय काढला नाहीत. सात महिने मी दर रविवारी येत राहिले. तुम्ही माझ्या पिशवीकडे बघायचा आणि चहा झाला का विचारायचा. मग तुम्ही गेलात, आणि भावानं मेंडोलिन पार्टीला देऊन टाकलं.

मला वेळ मिळाला होता, आबा. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पट्टी केली होती, आठही खाचा मापात, पॉलिश करून. मला फक्त एवढंच हवं होतं की तुम्ही अजून एकदा मागावं. सातही महिने ती पट्टी माझ्या पिशवीत होती.