सासूबाईंची पढंत

९ फेब्रुवारी, दुपार

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं मी मनावर घेत नाही. तुझी नवी खोली कशी आहे? पाणी वेळेवर येतं का? नीट जेवतेस का हे विचारत नाही. खरं सांगणार नाहीस.

बातमी अशी, की मी तुझ्या गुरुजींच्या क्लासला जाते. नंतर हस, आधी वाच.

कपाटाच्या वरच्या खणात तुझे घुंगरू राहिले होते. ते गुरुजींकडे पोचते करावेत म्हणून गेले. ते म्हणाले, "जिचे आहेत तिलाच द्या. आलाच आहात तर बसा."

बसले. मुली नाचत होत्या आणि एकजण बाजूला बसून, हाताने ताल धरून, त्यांच्या पायांतले बोल तोंडाने म्हणत होती. तू म्हणायचीस ती पढंत. माझी बोटं आपोआप मांडीवर पडायला लागली. गुरुजींच्या नजरेतून काय सुटतंय.

"नाचायला गुडघा लागतो," ते म्हणाले, "म्हणायला नाही."

पहिल्या दिवशी माझी पढंत ऐकून तबलजींनी विचारलं, "काकू, गाडी कुठल्या फलाटावरून सुटतेय?" सगळी नोकरी बसस्थानकावर घोषणा करण्यात गेली. आवाज एका पट्टीतून हलायलाच तयार नव्हता. आता हलतो. भाजी चिरताना म्हणते, अंघोळ करताना म्हणते. शेजारीण विचारत होती, एवढ्या सकाळी कोणाशी भांडता.

मग एकदा गुरुजी म्हणाले, आधीपासून काही येत असेल तर म्हणा. मी म्हटलं, सुनेचा एक तुकडा येतो, स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून पाठ झालाय. आणि झोकात सुरू केला:

"तिग्धा दिगदिग थेई, आई गॅस, तिग्धा दिगदिग थेई, बंद करा, तिग्धा दिगदिग थेई."

समेवर अगदी बरोबर आले. तबलजींनी तबला सोडून पोट धरलं. मुली हसायला लागल्या तेव्हा कुठे मला कळलं. तू बाहेरच्या खोलीत रियाज करताना कुकरच्या शिट्ट्यांवर कान ठेवायचीस आणि लय न सोडता मला सांगायचीस. ते तसंच्या तसं माझ्या तोंडात बसलं होतं.

गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "लय पक्की आहे. फक्त तिथे गप्प राहायचं."

तेवढंच जमत नाही. बोल म्हणणं सोपं, मधली जागा रिकामी ठेवणं अवघड. त्या जागेत तू बोलतेस.

पुढच्या रविवारी संध्याकाळी क्लासमध्येच छोटा कार्यक्रम आहे. हा तुकडा मी म्हणणार आहे. त्यावर नाचायला मुली एका पायावर तयार आहेत. मी गुरुजींना म्हटलं, थांबा, आधी एकीला विचारते. ती एक म्हणजे तू. घुंगरू मी घेऊन येईन.

काल तुझा नवरा, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, "आई, आता तिला कशाला पत्र? संपलंय ना सगळं."

म्हटलं, "तुझं."

"लोक काय म्हणतील?"

"टाळ्या वाजवतील. त्यासाठीच बोलावलंय."

मग तोही हसला. तो वाईट नाही, तूही नाहीस. तुमचं जमलं नाही. त्याबद्दल मी काही विचारणार नाही, आणि तुला परत बोलावते आहे असंही समजू नकोस. घरापर्यंत यायला नको. क्लासपर्यंत ये. मी ताल धरून बसलेली असेन, तू पाय उचल; बाकीचं आपलं आपण बघू.

कोर्टातल्या कागदांवर तुम्हा दोघांच्या सह्या झाल्या. माझी कोणी मागितली नाही. ती इथे करते.

तुझी,
आई