खावयास दिली

येलहंका, ३ ऑगस्ट १९५९

चि. व्यंकटेश यास अंबूअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोर्तुगालनं हेगच्या कोर्टात आपल्या देशावर फिर्याद केली आहे आणि त्या खटल्यासाठी तू दिल्लीच्या कचेरीत बसून पेशव्यांचे मोडी कागद वाचतोस, हे ऐकून बरं वाटलं. आजोबांनी आपल्या दोघांना कान पिळून मोडी शिकवली, त्यातला एक कान तरी कामी आला.

दादरा-नगरहवेलीला जायला आपल्या मुलखातून वाट हवी, असं पोर्तुगाल म्हणतो. इथं मलाही वाट हवी आहे, आणि मी काही पोर्तुगाल नाही. गेल्या मंगळवारी काकांच्या गुंडूअण्णानं आपल्या घराशेजारच्या बोळाला फाटक लावून कुलूप घातलं. म्हणे आजोबांनी तो बोळ काकांना लिहून दिला, कागद आहे. पुढं रस्त्यावर त्याचं घर, मागं माझं, बाकी तिन्ही बाजूंना लोकांच्या भिंती. आता भाजी आणायची तर त्याच्या पडवीतून, मालनवहिनींना हिशेब देत.

त्या दिवशी आपली म्हैस चेन्नी चरायला बाहेर होती. मी तिला पडवीतूनच आत आणली. चेन्नीनं वहिनींच्या रांगोळीवर शेणानं सही केली. मग गुंडूअण्णा फार प्रेमानं म्हणाला, की अंबू, एकटीनं किती ओढायचं, मागचं घर मला दे आणि भावाकडे दिल्लीला जा. मी काही 'सरी, बरं' म्हटलं नाही. पंधरा वर्षं या घरात विधवा म्हणून काढली, आता निर्वासित म्हणून निघणार नाही.

वीणाला आणि मुलांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस. दूध मी होऊ देत नाही.

तुझी अंबूअक्का

नवी दिल्ली, १४ ऑगस्ट १९५९

ती. अक्कास व्यंकटेशचे शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र कचेरीत वाचलं. म्हशीची सही वाचून हसलो, आणि मग हसू राहिना. दिवसभर मी हेच लिहीत असतो, की दुसऱ्याच्या जमिनीतून जाणं हा हक्क नव्हे, ती मालकाची मर्जी. हे वाक्य कृपा करून गुंडूअण्णाच्या कानी पडू देऊ नकोस.

पण तो कागद पाहा. आमचा निम्मा खटला अशाच एका कागदावर अडला आहे. पेशव्यांनी गावं दिली म्हणजे राज्यच दिलं, असं पोर्तुगाल म्हणतो. आम्ही म्हणतो, सरंजाम दिला. गावचा वसूल खावा, गावचं धनी होऊ नये. 'दिली' एवढं वाचून थांबायचं नसतं अक्का, कशासाठी दिली ते वाचायचं असतं.

आणि नाहीच जमलं, तर इकडे ये. क्वार्टर दोनच खोल्यांचं आहे, पण वीणा तुझी वाट पाहते. सांगशील तेव्हा तिकीट काढतो.

रागावलीस तरी पत्र घालत जावं, एवढंच मागणं.

तुझा व्यंकटेश

येलहंका, ६ सप्टेंबर १९५९

चि. व्यंकटेश यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या वाक्याची काळजी सोड. तेच गुंडूअण्णानं वर्तमानपत्रात वाचलं आणि आता ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. तिकिटाचं नाव मात्र पुन्हा काढलंस, तर तुझ्या साहेबाला कळवीन, की तू लहानपणी मोडीतला धडा माझ्याकडून लिहून घ्यायचास.

कागद त्याच्या ट्रंकेत आहे. त्याला मोडी येत नाही, आणि मला येते हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या मते पोरींना शिकवतात ती फक्त रांगोळी. हातात दे म्हटलं, तर कागद ट्रंकेच्या तळाला जाईल. म्हणून मी सध्या स्वल्प बावळट झाले आहे. मोडी वाचणाऱ्या भीमाचार्य मास्तरांनी दसऱ्याला चार लोकांत कागद वाचावा, आम्हा अडाण्यांनाही कळू दे, असा मी हट्ट धरला आहे.

तोवर चेन्नी आणि मी रोज दोनदा पडवीतून जातो. आठवण ठेव, वाट मी काढते.

अंबूअक्का

येलहंका, २ ऑक्टोबर १९५९

चि. व्यंकटेश यास गुंडूअण्णाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सरकारचंच धोरण मी घरी चालवतो आहे, तरी तुझी बहीण मला बोल लावते. रोज म्हैस घेऊन हद्दीत घुसते. परवा व्याही जेवत असताना त्यांना पानं उचलून म्हशीला वाट द्यावी लागली. त्यांनी तिकडे जाऊन काय सांगितलं असेल, याची कल्पना कर.

दसऱ्याला भीमाचार्य कागद वाचणार आहेत. अंबूनंच मागणी केली, म्हणजे मनातून तिनं हार मानली आहे. तिचं तिकीट काढून ठेवावं. आपल्या घरचा सलोखा टिकावा, ही इच्छा आहे, आणि बोळही.

तुझा गुंडूअण्णा

येलहंका, २० ऑक्टोबर १९५९

चि. व्यंकटेश यास आशीर्वाद. वि. वि.

दसऱ्याला शमीची, इथल्या बन्नीची, पानं वाटून झाली आणि भीमाचार्यांनी खाकरून वाचलं, की बोळातील चिंचेची झाडे चिरंजीवास दिली. झाडं ज्याची, जमीन त्याची, असं म्हणून गुंडूअण्णा पेढेच मागवणार होता. मी म्हटलं, ऐकू कमी येतं, पुन्हा वाचा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी म्हटलं, आचार्य, 'दिली'च्या आधीचा एक शब्द दर वेळी तुमच्या हातून निसटतो. ते म्हणाले, त्याचा अर्थ लागत नाही, लिहिणाऱ्याची चूक दिसते, म्हणून सोडला.

मी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. बोळातील चिंचेची झाडे चिरंजीवास *खावयास* दिली.

आचार्य विचारू लागले, की झाडं कोणी खातं का. काय सांगू? बेंगळूरकडे इतक्या पिढ्या राहून आपल्या मराठीतून तो अर्थच पार झिजून गेला. मी सांगितलं, खावयास म्हणजे चिंचा काढून न्याव्यात, जमीन जिथल्या तिथं ठेवावी. आजोबांच्या काळी जमीन खायची पद्धत नव्हती.

गुंडूअण्णाला कागदापेक्षा मला मोडी येते याचा धक्का मोठा. फाटकाची किल्ली मालनवहिनींनी स्वतः आणून दिली. चेन्नीशी त्यांचं तसंही पटत नव्हतं.

तुझ्या साहेबांना सांग, सुटलेला शब्द आधी शोधा. सर्वांना आशीर्वाद.

अंबूअक्का

येलहंका, १८ एप्रिल १९६०

चि. व्यंकटेश यास आशीर्वाद. वि. वि.

हेगचा निकाल गुंडूअण्णाच वर्तमानपत्र नाचवत सांगायला आला. पेशव्यांनी वसूल दिला, राज्य दिलं नाही, हे कोर्टानं मानलं; वाचून आजोबांची आठवण झाली. माणसांना आणि मालाला वाट होती, सैन्याला आणि शस्त्रांना नव्हती, आणि आपण अडवलं यात आपली चूक नाही, असंही म्हटलं म्हणे. दोन्ही पक्षांनी आपापल्या घरी पेढे वाटावेत, असा निकाल.

गुंडूअण्णाचं म्हणणं, आता तूही जा, भाजीही ने, पण चेन्नीच्या डोक्यावर दोन शस्त्रं आहेत. मी म्हटलं, अण्णा, तो कायदा दुसऱ्याच्या जमिनीतून जाणाऱ्यांसाठी. मी माझ्या घरी जाते.

फाटक उतरवून मी चेन्नीच्या गव्हाणीला लावलं. चिंचा पिकल्या, तशा झोडून, पोत्यात भरून गुंडूअण्णाच्या दारात नेऊन ठेवल्या. कागद दोन्हीकडून पाळायचा असतो. वहिनींनी त्यातल्याच चिंचेचं सार पाठवलं. आंबट होतं, पण जेवले.

वीणाला पाहावंसं वाटतं. दिल्लीला येईन चार दिवस. परतीचं तिकीट आधी काढ.

तुझी अंबूअक्का